पाटावरचा क्रे : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

८ जून, डिचोली (गोवा)

बारावीच्या धड्यात जनुकांच्या अदलाबदलीचं चित्र आहे. दोन गुणसूत्रं फुलीसारखी एकमेकांवर पडलेली, मग एक बाण, मग तुकडे बदललेली तीच गुणसूत्रं. जे काही घडतं ते त्या बाणात घडतं आणि बाणाबद्दल एक ओळसुद्धा नाही. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, कापतं कोण? आणि कापल्यावर तुकडा वाहून कसा जात नाही?" मी "एन्झाइम" एवढं म्हणून पुढे सरकले. प्रश्न वर्षभर टोचत राहिला.

या पावसाळ्यात बाणाच्या आत काय चालतं ते हातात धरून दाखवता येईल अशी प्रतिकृती करायची. एन्झाइम ठरवलं आहे क्रे. पी१ नावाच्या जीवाणूभक्षी विषाणूचं हे प्रथिन, ३४३ अमिनो आम्लांचं. डीएनएवरची ३४ बेस-जोड्यांची एक ठरावीक जागा ते ओळखतं. त्या जागेला लॉक्सपी म्हणतात. तशा दोन जागा जवळ आणून क्रे त्यांचे धागे अदलाबदल करून पुन्हा जोडतं. त्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागत नाही, मदतीला दुसरं प्रथिन लागत नाही.

वर्गात हे स्पष्ट सांगायचं : आपल्या पेशींत अंडं आणि शुक्राणू तयार होताना जी अदलाबदल होते ती क्रे करत नाही, तिथली यंत्रणा वेगळी आणि बरीच मोठी आहे. पण मधली पायरी, म्हणजे चार फाट्यांचा डीएनए, दोन्हीकडे येते. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली कागदावर मांडलेला तो चौक क्रेच्या पोटात बसलेला प्रत्यक्ष दिसतो. म्हणून क्रे.

११ जून

प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक संग्रहातून, क्रेच्या रचनेची फाइल उतरवली. क्रमांक १सीआरएक्स. गुओ, गोपॉल आणि व्हॅन डाइन यांनी १९९७ साली नेचरमध्ये छापलेली. ही बँक १९७१ पासून आहे आणि जगातल्या कोणालाही फुकट उघडी आहे. डिचोलीत बसून मला ती तितकीच मिळते जितकी मोठ्या प्रयोगशाळेत बसलेल्याला, याचं मला फार अप्रूप आहे.

फाइल उघडली तर पडद्यावर दोनच प्रथिनं. चार हवी होती. तासभर वाटत राहिलं की चुकीची फाइल आली. मग कळलं : रचना प्रथिनाचा स्फटिक करून काढतात आणि स्फटिकात जो भाग पुन्हा पुन्हा येतो तेवढाच फाइलमध्ये लिहितात. उरलेला अर्धा सममितीने काढायचा असतो. रांगोळीचा एक चतकोर काढून बाकीचं वळवून घ्यावं तसं. 'जैविक जुळणी' मागितली आणि चारही समोर आले, मध्ये डीएनएचे चार फाटे. ए आणि बी अशी दोन नावं, प्रत्येक दोनदा.

१५ जून

मापं ठरली. रचनेची स्पष्टता २.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे साधारण त्याहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) एका अँगस्ट्रॉमला अडीच मिलिमीटर धरले, म्हणजे अडीच कोटी पट मोठं. डीएनएची जाडी २० अँगस्ट्रॉम, ती झाली ५ सेंटीमीटर. ३४ जोड्या, दर जोडीला ३.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे एकूण लांबी साधारण २९ सेंटीमीटर. सगळं मिळून गणपतीच्या पाटावर मावेल.

पाट सुचला कारण काम मामांच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायच्या जागी, करायचं आहे. मी पडद्यावरचं चित्र दाखवलं. मामांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"बाय, ही तर कुर्ली गं. दोन नांग्यांत काहीतरी धरलंय."

अगदी तेच आहे. प्रत्येक क्रेला दोन भाग असतात. एक डीएनएच्या या बाजूने, दुसरा त्या बाजूने, आणि मध्ये डीएनए पकडलेला. नांगी हाच शब्द मी वर्गात वापरणार.

मामांची अट एकच : जुलै संपेपर्यंत जागा आणि माती मिळेल, ऑगस्टमध्ये चित्रशाळेत पाय ठेवायला जागा नसते.

२२ जून

डीएनए सुंभाचा. प्रत्येक सुंभात तांब्याची तार ओवली, म्हणजे दिलेला बाक टिकतो. चार धागे, चार रंग : तांबडा-पिवळा एक डीएनए, हिरवा-निळा दुसरा. कापायच्या जागेवर फॉस्फेट म्हणून एक पांढरा मणी, त्याला दोन्ही बाजूंनी हूक. प्रत्येक क्रेच्या टायरोसिनलाही (साखळीतलं ३२४ वं अमिनो आम्ल, कापणारं हेच) तसाच हूक.

मण्यावर मी दोन दिवस घालवले, कारण सगळी गोम तिथे आहे. क्रे डीएनए कात्रीसारखा कापत नाही. टायरोसिनचा ऑक्सिजन फॉस्फेटवर चढतो आणि फॉस्फेट स्वतःकडे घेतो. धाग्याचं एक टोक सुटतं, पण मणी सुटत नाही, तो टायरोसिनच्या हातात असतो. एक बंध तुटला, एक जुळला. हिशेब तिथल्या तिथे फिटतो, म्हणून बाहेरून ऊर्जा आणावी लागत नाही. पुढे समोरच्या डीएनएचं सुटलेलं टोक येऊन मणी टायरोसिनकडून घेतं. पुन्हा एक तुटला, एक जुळला. "तुकडा वाहून कसा जात नाही" याचं हे उत्तर.

आणि हे कोणी अंदाजाने सांगितलेलं नाही. १९९७ च्या स्फटिकात टायरोसिनला चिकटलेला फॉस्फेट दिसतो. त्यासाठी त्यांनी डीएनए मुद्दाम असा बनवला होता की कापल्यावर छोटा तुकडा निसटून जावा आणि एन्झाइमला परत जोडायला काही उरू नये. हात पुढे केलेल्या अवस्थेत ते गोठलं. अशा डीएनएला आत्मघाती म्हणतात. नाव भयंकर आहे, युक्ती मला फार आवडते.

२९ जून

पाऊस. माती वाळत नाही. नोंद घेण्यासारखं दुसरं काही नाही.

६ जुलै

चार क्रे तयार. आधी हाताने एक घडवला, त्याचा साचा काढला, साच्यातून चार. मातीत कापूस मळून घातला म्हणून तडे कमी गेले. वाळवायला बल्ब लावले होते, रात्री वीज गेली की सगळं थांबायचं.

एक चूक झाली. ओली माती वाळताना आटते हे मामांनी सांगितलं होतं, मी ते मापात धरलं नाही. १६ सेंटीमीटरचा क्रे १५ वर आला. सुंभ काही आटत नाही. नांगीत डीएनए शिरेना. कानशीने आतून घासून वाट केली. घासताना लायसिन २०१ या दुसऱ्या एका अमिनो आम्लाची खूण गेली. तेव्हा वाटलं, एवढ्याने काय बिघडतं.

१२ जुलै

सहा मुलांना चित्रशाळेत बोलावलं. पाटावर मांडणी केली : चार क्रे गोल, मध्ये दोन्ही डीएनए. मांडणी देखणी दिसत होती, चौरस, फुलासारखी. मी समजावून सांगितलं आणि एका मुलाला म्हटलं, "आता तू अदलाबदल कर."

त्याने चारही मणी एकदम सोडवून चारही टायरोसिनला अडकवले. का नाही करणार? चारही क्रे सारखे दिसत होते, एकालाच आधी हात लावावा असं मांडणीत काहीच नव्हतं. मग दुसऱ्या मुलीने पुढे होऊन एक क्रे उचलला आणि त्याच्याबरोबर डीएनएचा अख्खा फाटा उचलून आला. दोन्ही डीएनए मधोमध तुटलेले. पाटावर चार वेगळे तुकडे.

पेशीत असं होणं म्हणजे गुणसूत्र तुटणं. दोन्ही धाग्यांवरच्या कापायच्या जागांत ६ जोड्यांचं अंतर असतं, आमच्या मापात ५ सेंटीमीटर. दोन्ही एकदम सुटल्या तर मधल्या ६ जोड्यांची पकड अगदीच तोकडी. क्रे हे करत नाही. आधी दोनच धागे, प्रत्येक डीएनएतला एक. ते बदलून जोडले की चौफुली, म्हणजे हॉलिडे यांचा चौक, तयार होते. मग उरलेले दोन.

हे मला पाठ होतं. पण त्या मुलीने जे विचारलं ते पाठ नव्हतं : "चौघं सारखे आहेत तर दोघांनाच कसं कळतं की आपली पाळी आहे?"

मी म्हटलं, बघून सांगते.

१३ जुलै, रात्र

बघितलं. उत्तर ११ जूनपासून माझ्या समोर होतं. ए आणि बी. चौघं सारखे असते तर फाइलमध्ये एकच पुरला असता, उरलेले तीन सममितीने निघाले असते. दोन लिहावे लागले कारण दोन प्रकारचे आहेत. समोरासमोरचे जोडीदार सारखे, शेजारचे वेगळे. मी एकाचा साचा काढून चार केले आणि जे समजून घ्यायचं होतं तेच घासून टाकलं.

दोन रचना एकावर एक ठेवून पाहिल्या. जवळजवळ सगळं जुळतं, तंतोतंत. फरक दिसतो तो दोन-तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण शेपूट. प्रत्येक क्रेच्या शेवटी एक छोटं वेटोळं आहे, त्याला एन हेलिक्स म्हणतात. ते स्वतःच्या अंगात बसत नाही, शेजाऱ्याच्या खाचेत जाऊन बसतं. त्या शेजाऱ्याचं पुढच्यात, असं करत चौथ्याचं पहिल्यात. या शेपटाकडे जाणारा दुवा एका प्रकारात एका दिशेने ताणलेला, दुसऱ्यात दुसऱ्या. आणि कापणारं टायरोसिन याच दुव्याच्या अलीकडच्या हेलिक्सवर आहे. म्हणजे शेजाऱ्याने शेपूट कसं धरलं आहे यावर माझं टायरोसिन फॉस्फेटपाशी पोचणार की मागे राहणार हे ठरतं.

दुसरं ठिकाण लायसिन २०१ चा वळसा, म्हणजे साखळीचा तो सुटा फास. कापणाऱ्या क्रेत तो डीएनएत नीट शिरून बसतो. मी कानशीने उडवला तोच.

कापण्याच्या जागेभोवतीची बाकीची मंडळी, आर्जिनिन १७३, हिस्टिडिन २८९, आर्जिनिन २९२, ट्रिप्टोफॅन ३१५, फॉस्फेटला धरून ठेवतात. कामाला सगळी हवीत. एक जरी जागेवर नसलं तरी सुरी म्यानात.

रात्रीचे दोन वाजले. झोप नाही, पण मन हलकं झालं आहे.

१९ जुलै

२.४ अँगस्ट्रॉम म्हणजे आमच्या मापात ६ मिलिमीटर, आणि कार्बन-कार्बन बंध १.५४ अँगस्ट्रॉम, म्हणजे जेमतेम ४. मग अणू कसे बसवले, असं एका सहकारी शिक्षकाने विचारलं. रास्त शंका. बंधांच्या लांब्या आणि कोन आधीच माहीत असतात, क्ष-किरणांतून मिळालेल्या ढगात साखळी तेवढ्या बंधनात बसवायची असते. शिवाय साखळी हवी तशी पिळता येत नाही. कुठले पीळ चालतात आणि कुठल्यात अणू एकमेकांवर आदळतात हे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासमध्ये दाखवलं. आजही नवी रचना आली की त्या आलेखावर तपासतात. हे वर्गात सांगायचंच. शेपटाचा दुवा मातीत वळवताना मी स्वतः तो आलेख शेजारी ठेवला होता.

२७ जुलै

दोन साचे केले. ए दोन, बी दोन. आटण्याची भर आधीच धरली, या वेळी नांगी बरोबर बसली. पाटावर मांडलं तर आधीचं फूल आता किंचित कललेलं दिसतं. डीएनएच्या फाट्यांमधले कोनही पूर्ण काटकोन नाहीत. मला हे पहिल्यापेक्षा सुंदर वाटतं.

पहिली अदलाबदल छान झाली. कोणाकडे मणी जाणार हे आकारावरूनच कळतं. धाग्याच्या टोकाच्या दोन-तीन जोड्या आपल्या जोडीदारापासून सुटतात आणि समोरच्या धाग्याशी जुळतात. जुळल्या तरच मणी पुढे जातो, न जुळल्यास परत. म्हणजे जोडण्याआधी तपासणीही तिथेच.

मग अडलं. दुसरी अदलाबदल उरलेल्या दोघांनी करायची. पण ते बी आहेत आणि साच्याने त्यांना कायमचं बी करून ठेवलं आहे.

चौफुलीची वेगळी रचना त्याच तिघांनी १९९८ साली दिली. ती उघडून बसले. चार क्रेंची बैठक जवळजवळ तशीच. मोठी उलथापालथ कुठेच नाही. १९९७ च्या लेखाचा मला सगळ्यात धाडसी वाटलेला मुद्दा हाच आहे : त्याआधी लोक समजत होते की पहिल्या अदलाबदलीनंतर सगळं बांधकाम मोडून नव्याने रचलं जात असणार. रचना म्हणाली, तसं नाही, शेपटापाशी थोडं हललं की पुरे.

माती वाळल्यावर थोडंसुद्धा हलत नाही.

३ ऑगस्ट

मामांनी जागा मागितली, सगळं घरी आणलं. यीस्टमधल्या एफएलपी एन्झाइमची २००० सालची रचना पाहत बसले. तेही चौघांचं, तेही शेजाऱ्याच्या खाचेत हेलिक्स देणारं. पण तिथे त्या हेलिक्सवर टायरोसिनच आहे! म्हणजे कापायची सुरीच शेजाऱ्याकडून येते. क्रे स्वतःच्या टायरोसिनने कापतं, एफएलपी उसन्या. शेजाऱ्याशिवाय काही करता येऊ नये अशी सोय दोघांनी आपापल्या परीने केलेली.

गॅमा-डेल्टा रिझॉल्व्हेज या अदलाबदल करणाऱ्याच आणखी एका एन्झाइमचाही मोह झाला. त्याच्यात टायरोसिनऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल कापतं, चारही धागे एकदम, आणि मग अर्धा भाग सपाट, तेलकट पृष्ठावर १८० अंश फिरतो. २००५ ची ती रचना पाहिली तेव्हा कोणी तरी जातं फिरवतंय असं वाटलं. आमच्या मुलाने १२ जुलैला जे केलं ते या एन्झाइमला चालतं, कारण ते तुटलेले भाग घट्ट धरून ठेवतं. त्याला हे सांगायला हवं. पण प्रतिकृती एकच. पुढच्या वर्षी.

१७ ऑगस्ट

मामांना डबा द्यायला चित्रशाळेत गेले. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा दिवसांवर. फळ्यांवर ओळीने मूर्ती, सगळ्या एका साच्यातल्या, आणि एकीलाही हात नाहीत. मामा एका मूर्तीला हात लावत होते. खांद्यावर ओल्या मातीचा लगदा, आत तारेचा तुकडा, मग हात चिकटवून बोटाने सांधा पुसून घेतला. बाजूच्या मूर्तीचा हात थोडा वर घेतला.

"हात साच्यात का नाही घेत?"

"कशाला घेऊ? अंग सगळ्यांचं एक. कोणाला हात वर हवा, कोणाला मांडीवर. हात मागाहून."

डबा ठेवला आणि तिथेच वहीत लिहिलं : अंग एका साच्यातून. शेपूट मागाहून, तारेचं.

माझा पहिला साचा चुकलेला नव्हता. ए आणि बी ही दोन प्रथिनं नाहीतच. एकच प्रथिन, तीच ३४३ अमिनो आम्लं, दोन पवित्रे. दोन साचे करून मी पवित्र्यालाच अंग समजले.

२४ ऑगस्ट

चारही क्रेंची शेपटं कापून काढली. जागी तांब्याची तार, मार्करवर गुंडाळून. हेलिक्सच्या कण्याची रुंदी आमच्या मापात ११-१२ मिलिमीटर येते, मार्कर बरोबर त्याच जाडीचा मिळाला. दोन वेटोळ्यांतलं अंतर साडेतेरा मिलिमीटर ठेवलं. टायरोसिनचा हूक याच तारेच्या अलीकडच्या टोकाला बांधला. लायसिनचा फास वेगळ्या तारेचा. शेजाऱ्यात खाच कोरली, शेपूट आत सरकतं आणि दोन जागांवर थांबतं.

एक शेपूट सरकवलं. शेजाऱ्याचा हूक मागे गेला. त्याच्या पुढच्याचा पुढे आला. हे मी वीस वेळा केलं असेल.

२८ ऑगस्ट

चवथीचा दुसरा दिवस. संध्याकाळी घरात फुगडी. चौघी गोल, उजवा हात शेजारणीला दिलेला, डावा दुसरीचा घेतलेला, अंग मागे टाकलेलं. वहिनीने झोक आत घेतला की दोन्ही बाजूच्या बाहेर जात आणि समोरची आत येई. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभी राहून मी बघत होते. आईने विचारलं, "खेळत का नाहीस?" मग मीही गेले.

९ सप्टेंबर

वर्गात पाट टेबलावर ठेवला. फार बोलले नाही. म्हटलं, कापतं कोण ते शोधा.

आधी त्यांनी डीएनए नीट पाहिला. लॉक्सपीच्या दोन्ही कडांना १३-१३ जोड्या आणि मध्ये ८. डावीकडचं एका धाग्यावर वाचलं : ए-टी-ए-ए-सी-टी-टी-सी-जी-टी-ए-टी-ए. मग दुसऱ्या टोकाकडून समोरच्या धाग्यावर वाचायला सांगितलं. तेच आलं. "चिमा काय कामाची" सारखं आहे, असं एकजण म्हणाला. जवळपास, फक्त इथे उलटं वाचताना ओळ बदलावी लागते. म्हणूनच एकाच जागेवर दोन क्रे समोरासमोर तोंड करून बसू शकतात. मधल्या ८ जोड्या मात्र तशा नाहीत, त्यामुळे जागेला दिशा येते.

मग त्याच मुलीने, चित्रशाळेत प्रश्न विचारणाऱ्या, शेपूट सरकवलं. दोन हूक पुढे आले. तिने दोन मणी टायरोसिनकडे घेतले, टोकं ओलांडली, मणी परत धाग्याला दिले. तांबडा हिरव्याला जोडला गेला, हिरवा तांबड्याला. चौफुली. तिथे ती थांबली. उरलेले दोन हूक मागे होते, मणी पोचत नव्हता. कोणीतरी म्हणालं, ओढ. ती म्हणाली, "नाही, तो शेजाऱ्याकडून यायला हवा." शेपूट दुसऱ्या खाचेवर नेलं आणि ते दोन पुढे आले.

शेवटी मणी मोजायला लावले. सुरुवातीला चार, शेवटी चार. मध्ये कधीही एकसुद्धा टेबलावर सुटा पडला नव्हता.

पहिल्यांदा कोणते दोन पुढे असतात, हे कोण ठरवतं, असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. त्याचा काही भाग १९९९ च्या रचनांमध्ये आहे : कापण्याआधीच डीएनए एका बाजूला जास्त वाकलेला असतो आणि तो बाक कापणारी जोडी निवडतो. सुंभात तार आहेच. उद्या मधल्या ८ जोड्यांवर दिशेचे बाण रंगवायचे आणि तो बाक द्यायचा. दोन जागांचे बाण एका दिशेला असले तर मधला डीएनए गोल होऊन बाहेर पडतो, विरुद्ध असले तर जागच्या जागी उलटतो. त्यासाठी लांब सुंभ लागेल, बाजारातून आणखी दोन मीटर आणणे.